अण्णांची चौतीस गाणी आणि मी पुसलेले आकडे

रविवार, सकाळ.

बरेच महिने वहीत काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा.

मंडळी, हे मी माझ्या वहीतलं वाचतो आहे. नुसता बोलायला उभा राहिलो, तर मधलं एक वाक्य गिळून टाकीन अशी भीती होती. म्हणून सकाळी लिहून आणलं. वहिनी, तुम्ही पुढेच बसला आहात. तुमच्याकडे बघून मला हे वाचता येणार नाही. वहीकडे बघतो. राग मानू नका.

वही माझी, वाचणाराही मीच, मग क्षमा कोणाची मागतो आहे? तर या वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक ओळ आहे. ‘अण्णांना सविस्तर लिहायचं.’ आठ महिन्यांपूर्वीची ओळ. ते सविस्तर मी कधी लिहिलंच नाही. आणि परवा अण्णांचा तेरावा झाला.

सोनबाअण्णा कोण, हे आंबवड्याच्या या शोकसभेच्या मांडवात सांगायला नको. पण काही मंडळी लांबून आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पुढे बसलेल्या वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपतो तिथून तासभर चढून गेलं की एक धनगरवस्ती लागते. तिथला हा मुलगा शेरडं घेऊन खाली उतरला आणि कॅसेटवर गायला लागला. कीबोर्ड, ड्रम आणि त्याचा तो पहाडी आवाज. वरातीत अण्णा, एष्टीत अण्णा, रसवंतीवर अण्णा. ‘फाट्यावर उभी’ हे गाणं एके काळी कापूरहोळच्या प्रत्येक धाब्यावर दिवसातून दहादा वाजायचं. मी कॉलेजात होतो. पुस्तकाच्या आत त्या कॅसेटचं कव्हर ठेवायचो.

त्या गाण्यांचे वेडे आम्ही अकरा जण. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कापूरहोळला, सुदामच्या भावाच्या गॅरेजमध्ये जमतो. सुदाम टेम्पो चालवतो. शंकर वायरमन आहे. मी भोरला एका वाचनालयात पुस्तकं सांभाळतो. आमची एक पद्धत आहे. नवं काही आलं की प्रत्येकाने आधी आपापल्या जागी ऐकायचं. मग गॅरेजमध्ये हात वर करून सांगायचं, आवडलं की नाही. आणि जे ठरेल ते मी लिहून काढायचं.

मागच्या वर्षी अण्णा स्वतः गॅरेजमध्ये आले. कितीतरी वर्षांत त्यांनी नवं काही काढलं नव्हतं. आल्या आल्या मला म्हणाले, “काय पुस्तकवाले, कान शाबूत हायेत न्हवं?”

सुदाम म्हणाला, “अण्णा, सरांना कान हायेत, पर ते कानांनीबी वाचत्यात.”

अण्णा हसले. मग खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. म्हणाले, “चौतीस गानी हायेत. लई झाली, आमच्या हिनंबी सांगितलं. पर एकबी कमी व्हईना. आदी माज्या मानसांनी ऐकायची. तुमी व्हय म्हनला तर भाईर काढतो. न्हाई म्हनला तर न्हाई.”

अल्बमचं नाव ‘पायवाट’. जवळजवळ तीन तासांचा.

मंडळी, ते वाक्य आता येतं आहे.

मी तो पेनड्राइव्ह घरी नेला. अकरा जणांसाठी अकरा प्रती करायच्या होत्या. गाण्यांची नावं कोणीतरी कशीही टाइप केलेली होती. अर्धी इंग्रजी अक्षरांत, अर्धी चुकीची. मला ते बघवेना. मी दिवसभर बसून चौतीस नावं स्वच्छ मराठीत लिहिली. आणि प्रत्येक नावाच्या आधी जो आकडा होता, एक, दोन, तीन, चार, तो पुसून टाकला. मला तो कचरा वाटला.

हे ते वाक्य. आकडे मी पुसले. दुसऱ्या कोणी नाही.

आकडे गेले की काय होतं, हे कळायला हवं होतं ते मलाच. आयुष्यभर पुस्तकं अक्षरक्रमाने लावणारा माणूस मी. आमच्याकडचे प्लेअरही तेच करतात. टेम्पोतला, ट्रॅक्टरवरचा, माझ्या टेबलावरचा, सगळे अ, आ, इ, ई असे जातात. मग अकरा जणांनी अकरा ठिकाणी एकच चुकीचा क्रम ऐकला. सगळ्यांचा क्रम सारखाच, म्हणून शंका कोणालाच आली नाही.

पहिलं वाजलं ‘आई गेली’. लगेच पाठोपाठ ‘एष्टी’, ते कंडक्टरचं हसरं गाणं. शंकर गॅरेजमध्ये म्हणाला, “अण्णांनी आईच्या तिरडीवर कंडक्टर बसवला की.” आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो. मागे शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या वाजायच्या, कधी खूप, कधी एखादीच, मधेच एकदम बंद. आम्ही म्हणालो, याला काही धरबंध नाही. ‘पूल’ नावाच्या गाण्यात आधी चार ओळी, मग दोन मिनिटं नुसता पुलावरच्या गाड्यांचा आवाज. आम्ही म्हणालो, रेकॉर्डिंग बिघडलं आहे, म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नसेल.

हात वर झाले. आवडलं म्हणून दोन. नाही म्हणून नऊ.

त्या दोनांतला एक सुदाम होता. तो मला बाहेर येऊन म्हणाला, “सर, मला ह्ये उलटंपालटं वाटतंय. एकदा अण्णांना इचारू या का?”

मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो, “कलाकाराला विचारून मत बनवायचं नसतं, सुदाम. ते प्रामाणिक राहत नाही.” या वाक्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. वहीत लिहून ठेवलं आहे.

मग मी पत्र लिहिलं. आदर राखून लिहिलं, असं मला वाटत होतं. ‘गाणी एकेकटी चांगली आहेत, पण एकत्र उभी राहत नाहीत. शेरडं रानात पांगावीत तशी पांगली आहेत. राखणारा दिसत नाही.’ शेरडं राखत वाढलेल्या माणसाला मी हे लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘सविस्तर नंतर कळवतो.’

चार दिवसांनी अण्णा वाचनालयात आले. चप्पल बाहेर काढून आत आले. पुस्तकांच्या खोलीत ते नेहमी चप्पल काढायचे. मी चहा मागवला. त्यांनी चहा निम्मा केला. मग म्हणाले, “सर, तुमी सुरवात कुठनं केली?”

मी म्हणालो, “पहिल्यापासून, अण्णा.”

“पयल्यापासनं?”

“हो. एकही गाणं न सोडता, शेवटपर्यंत. दोनदा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, “मग बरुबर हाय तुमचं.”

चप्पल घालून गेले. मी वहीत लिहिलं, ‘अण्णा आले. शांत होते. मत मान्य केलं.’

मान्य केलं. हा शब्द मी या आठवड्यात किती वेळा वाचला असेल. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं. सुरुवात कुठून केली, एवढंच विचारलं. पहिलं कोणतं वाजलं, हे मी सांगितलं असतं, तर तिथेच उलगडलं असतं. पण मला माझ्या नीटनेटकेपणाबद्दल इतकी खात्री होती की प्रश्न कसला आहे हेच ऐकू आलं नाही. मी खोटं बोललो नाही, असं मन म्हणतं. बोललो नाहीच. म्हणून काय झालं?

‘पायवाट’ बाहेर आली नाही. त्यांनी शब्द दिला होता, तो पाळला. पेनड्राइव्ह पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला, असं वहिनींनी सांगितलं.

अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन वहिनी सुदामच्या टेम्पोतून सारोळ्याला, नीरेवर निघाल्या. सुदामने किल्ली फिरवली आणि प्लेअर आपोआप सुरू झाला. ‘आई गेली’. सुदाम बंद करायला गेला. वहिनी म्हणाल्या, “असू दे. पर ह्ये मधलंच कशाला लावलं?”

“काकी, ह्येच पयलं हाय.”

“ह्ये कसं पयलं? आई मेल्यावर मानूस घरातनं निघतो व्हय? आदी निघतो. मग मागं आई मरती.”

सुदामने टेम्पो कडेला घेतला आणि तिथूनच मला फोन केला. त्याने मला दोष दिला नाही. फक्त विचारलं, “सर, मूळच्या नावांत आकडं हुतं का?”

मी घरी गेलो. अण्णांचा पेनड्राइव्ह परत देण्याआधी मी त्यातली गाणी, मूळ नावांसकट, माझ्याकडे उतरवून ठेवली होती. मी काहीच फेकत नाही. बघितलं. एक ते चौतीस. ‘आई गेली’ सव्विसावं होतं.

मागच्या रविवारी गॅरेजचं शटर खाली ओढून आम्ही ती चौतीस गाणी त्यांच्या क्रमाने ऐकली. अकराही जण. पहिल्या गाण्यात सबंध कळपाच्या घंट्या आहेत. मुलगा वस्तीवरून खाली निघतो. वेल्ह्यात दोन शेरडं विकतो, घंट्या थोड्या कमी होतात. ‘एष्टी’ सातवं आहे. तोवर तीनच करडं उरलेली असतात. ती काखेत मारून तो चढतो आणि कंडक्टरकडे परतीचं तिकीट मागतो. कंडक्टर म्हणतो, परतीचं परतताना काढ. हसण्यासारखंच आहे. आम्ही हसलो. नसरापूरला एक शेरडू मरतं. कापूरहोळला तो एक बहिणीला देतो. घंट्या कमी होत जातात, मंडळी. मधे कुठेही वाढत नाहीत. आणि सव्विसाव्या गाण्यात आई गेल्याचा निरोप येतो, तेव्हा ती चाल ‘एष्टी’चीच आहे. तीच चाल, सावकाश. परतीचं तिकीट त्याने काढलेलंच नाही.

शंकर उठला, नळावर गेला आणि तोंड धुऊन आला. तेहतिसाव्या गाण्यात एकच घंटी आहे. चौतिसाव्यात, ‘पूल’मध्ये, एकही नाही. चार ओळी, आणि मग सारोळ्याच्या पुलावरच्या गाड्या.

मी स्वतःला विचारलं, आणि तुम्हीही विचाराल. माणूस गेला म्हणून आता आवडलं का? मेलेल्याला सगळे चांगलं म्हणतात. मी पुन्हा ऐकलं, पेन घेऊन. चार-पाच गाणी मला आजही कच्ची वाटतात. एक लांबलं आहे. पण पांगलेलं काही नाही. राखणारा पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत दिसतो. पत्रातलं ते वाक्य खोटं होतं, आणि पांगवणारा मी होतो.

हात वर करा, असं मी त्या दिवशी म्हणालो नाही. कोणाला दाखवायचे होते?

काल मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. मी विचारलं, आता ‘पायवाट’ बाहेर काढायची का? त्या म्हणाल्या, “त्यांनी ठेवून दिलंय. म्या कशी काढू?” मग म्हणाल्या, “त्ये नंतर बगू. आदी तुमी जे पुसलं ते परत लिवा. हातानं लिवा. मला दाखवा. मग मी काय ते सांगन.”

त्या मला क्षमा करतील का, हे मी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

मंडळी, अशा वेळी आपण दोन मिनिटं उभे राहतो. आज सुदाम चौतिसावं गाणं लावणार आहे. चार ओळी बसून ऐका. मग गाणं थांबेल आणि नुसत्या गाड्या ऐकू येतील. आम्ही ज्याला बिघाड म्हणालो, ती ही दोन मिनिटं. तेवढा वेळ उभं राहायचं. ती अण्णांनी आधीच ठेवून दिली आहेत.

वहीत उद्यासाठी एकच काम लिहिलं आहे.

सोमवार: कोऱ्या कागदावर चौतीस नावं, प्रत्येकाच्या आधी त्याचा आकडा. कागद वहिनींना नेऊन दाखवणे.