गुडबायमधला देव

प्लास्टरमधला हात सांभाळत इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या डोरीनला शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

"डॅड, मम्मीला आता ऑपरेशनला नेतील. गुडबाय म्हणून घ्या."

"नाही जमायचं."

"का पण?"

"मुळात गुडबाय हा 'गॉड बी विथ यू', म्हणजे 'देव तुझ्यासोबत असो' असा आशीर्वाद होता. झिजून झिजून एवढासा उरला."

"इथे मास्तरकी नको."

"चाळीस वर्षं मी चर्चची पायरी चढलो नाही, हिलरी. कोणत्या तोंडाने म्हणू?"

"मग नुसतं बाय म्हणा."

तेवढ्यात म्हातारीचं स्ट्रेचर आलंच. म्हातारा धडपडत उठला. त्याने बायकोचा हात धरला.

"देव तुझ्यासोबत असो, एडिथ."

म्हातारीचा चेहरा उतरला.

"आर्थर, डॉक्टर तुला काय म्हणाले?"