गाऱ्हाण्याला दिलेला होकार

दि. १० फेब्रुवारी २०२६

मी, सौ. ऋतिका सुजय भुवड, वय २८, धंदा शिवणकाम, रा. खालची वाडी, देवरूखजवळ, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती मुंबईला कामाला असतात. घरी मी, पाच वर्षांची मुलगी संस्कृती व सासू मालन. मुलीच्या वेळी रक्तदाब वाढून मला झटके आले होते. तीन दिवस शुद्ध नव्हती. दुसरे बाळंतपण जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी तेव्हाच आम्हा दोघांना सांगितले होते.

जानेवारीत कळले की दिवस गेले आहेत. दि. १६ रोजी पती सुट्टीवर असताना आम्ही डॉक्टरांकडे गेलो. सातवा आठवडा होता. गर्भपाताच्या पाच गोळ्या लिहून दिल्या. मला रिक्षात बसवून पती मेडिकलमध्ये गेले. पाकीट आईच्या हाती लागेल म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. किती विचार करतो माणूस, असे मला वाटले.

एक गोळी त्याच दिवशी, चार दि. १८ रोजी घेतल्या. रक्तस्राव झाला नाही. जुन्या साडीच्या घड्या करून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पती रोज फोनवर विचारत, "झालं काय?" नाही म्हटले की म्हणत, "डॉक्टरांशी बोललोय मी. कुणाकुणाला महिना लागतो. उगाच धावाधाव करू नको." मी केली नाही.

दि. ८ फेब्रुवारी रोजी, रविवारी, सासूबाईंनी गुरवांकडून ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणे घालून घेतले. पतीच्या नोकरीसाठी, असे मला सांगितले होते. गुरव म्हणाले, "सुजयच्या बायकोच्या पोटात जो अंकुर हाय, तो राख म्हाराजा." सगळ्यांबरोबर मीही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटले. म्हटल्यावर कळले.

दिवस गेल्याचे मी पतीशिवाय कोणालाही सांगितले नव्हते. देवळाच्या पायरीवरच सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "रागावू नको गो. सुजयान फोनवर सांगितलान, गोळ्या ताकदीच्या होत्या म्हणून." मी मुलीच्या वेळची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "तेव्हा वाचलीस ना?"

काल तपासणी केली. गर्भ वाढतो आहे. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत संपली, आता त्यासाठी भरती व्हावे लागेल. रक्तदाब आत्ताच जास्त आहे. डॉक्टरांना पतीचा एकही फोन आलेला नाही.

घरातली बाब आहे, समजुतीने घेता का, असे मला इथे विचारले. नाही. मी मरू शकते हे माहीत असून त्यांनी फसवले. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. उद्या भरती होताना बहीण अक्षया सोबत असेल. पतीला कळवू नये.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. देवळात न ऐकताच होकार दिला होता. इथे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. होय.