तेरा दिवसांचा भोपळा

कोपरीतल्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना कोलशेतच्या गोमाजींचे कान शेजारी फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या जोडप्याकडे लागले.

“दिपेश, सगळीकडे भोपळाच लाव. तेरा दिवसांत येतो.”

“मका बरा गं, दर चार दिवसांनी निघतो.”

“भाव बघ ना! आणि अठ्ठावीसला सीझन संपला की सगळंच मरणार.”

जन्मभर भात लावलेल्या गोमाजींना राहवेना.

“पोरी, तेरा दिवसांत भोपळा?”

“गेम आहे काका, शेतीचा.”

“असं होय. मग बियाण्याला किती ठेवता?”

“काहीच नाही. बी दुकानात मिळतं.”

“आणि खायला?”

“तिकडे भूकच लागत नाही.”

“मग पिकवता कशाला?”

“घर मोठं करायला.”

गोमाजी आणखीच गोंधळले.

“आमचं घर तर शेत विकल्यावर मोठं झालं.”