शंभराला तीन पॉइंट आठ

—नाही हो, आत बसा ना, संकोच करू नका, सीट मागे घ्या हवी तर. क्रूझ कंट्रोलचं बटण विचारत होतात ना, ते इथं, स्टिअरिंगवर, उजव्या अंगाला. एकदा दाबलं की गाडीनं वेग धरला, मग पाय मोकळा. लोक म्हणतात हायब्रिड शहरातच परवडते, हायवेला काही उपयोग नाही. अर्धं खरं आहे ते. एकशे तीसनं हाकली तर नाहीच उपयोग — तेव्हा इंजिन एकटं राबतं आणि बॅटरी नुसती मागे बसून प्रवास करते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी. पण नव्वदला लावा. सपाट रस्ता असावा, आपला समुद्राकडे जाणारा आहे ना, तसा — दोन्ही बाजूंना सूर्यफूल नि मका, चढ नाही, वळण नाही. मग बघा. आणि चढ आला की क्रूझ सोडायचं, हे लक्षात ठेवा. यंत्राला चढ दिसत नाही, त्याला फक्त आकडा ठाऊक. वेग जरा पडला की ते घाबरतं आणि घटाघटा पेट्रोल ओढतं. आपला पाय कसा, चढ बघून आधीच समजतो, थोडा वेग जाऊ देतो, उतारावर तो परत मिळतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मी सरकारी डेअरीची दुधाची गाडी चालवायचो एकोणतीस वर्षं. तुमचा जन्मही नसेल झाला — महिन्याचं पेट्रोल ठरवून मिळायचं तेव्हा, संपलं की संपलं. लिटरमागे जो जास्त अंतर काढायचा त्याला सगळे मान द्यायचे. मी काढायचो. चार यत्ता शिकलेला माणूस मी, कुठं नाव व्हायचं तर एवढ्यातच झालं.

किती देते? सांगतो ना. शंभर किलोमीटरला तीन पॉइंट आठ लिटर. हसू नका, मी मोजून सांगतोय. एकदाच मिळाला तो आकडा. तो तनासे बघा, अक्रोडाखालच्या बाकावर बसलाय — हो, मिशीवाला — त्याचीही हायब्रिडच आहे, तो तीन पॉइंट नऊच्या खाली कधी गेला नाही. आम्ही म्हातारे संध्याकाळी दुसरं काय बोलणार? कुणाची साखर किती आणि कुणाची गाडी किती पिते. त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर तो तिथूनच ओरडला, कोस्ताके, माझ्याहून कमी आणलंस तर ही मिशी काढीन. आणि मी हसलो हो. बायको शेजारी बसलेली, मांडीवर मेणबत्ती धरून, आणि मी हसलो.

मेणबत्ती कसली म्हणजे? ईस्टरची. तुम्ही तरुण आहात, तरी आजी सांगत असेलच तुमची. माणूस जाताना त्याच्या हातात पेटलेली मेणबत्ती हवी, आपल्या माणसानं धरलेली. नाहीतर पलीकडे तो अंधारात चाचपडत राहतो. आमच्याकडे वैऱ्यालाही कुणी म्हणत नाही, तुला मेणबत्तीविना मरण येवो. तर वेतुरियाची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण साफ्ता, नदीकाठच्या चेर्नावोडा गावाच्या पलीकडे, पूल ओलांडून, एका खेड्यात एकटी राहायची. इथून एकशे ऐंशी किलोमीटर. आई लहानपणीच गेली, वेतुरियाला तिनंच वाढवलं, हिच्यासाठी स्वतः लग्न केलं नाही. तिच्या शेजारणीचा, पारास्किवाचा, फोन आला की आज काही खरं नाही, या. आता तुम्हाला खरं सांगतो, ईस्टरपासून असा फोन तीनदा आला होता. तीनदा आम्ही गेलो, आणि तीनदा साफ्ता उशीला टेकून कोंबडीचं सूप पीत बसलेली. मलाच म्हणायची, कोस्ताके, परत आलास, घरी जेवायला घालत नाही का माझी बहीण? म्हणून मी — म्हणजे मला वाटलं, ही चौथी वेळ.

जुलै महिना. एसी बंद. एसीनं शंभराला अर्धा लिटर जातो, तुम्हीही लावू नका, काच दोन बोटं उघडा, पुरते. नव्वदला क्रूझ लावलं. अर्धा तास गेला. मग वेतुरिया म्हणाली, जरा दाब की. मी म्हटलं, अगं फरक तो किती पडतो, दहा मिनिटं. दहा मिनिटं म्हटलं मी. तिनं मानलं — माझ्यावर विश्वास, गाडीतलं मलाच कळतं ना. एकशे ऐंशी किलोमीटर, एकशे तीसची परवानगी आहे त्या रस्त्यावर, आणि मी नव्वदनं. शाळा चार यत्ता झाली तरी हा भागाकार मला येतो. सदतीस मिनिटं. तेव्हाही येत होता.

त्या मेणबत्तीला उन्हानं बाक आला होता. ती मांडीवर धरून सरळ करत होती, हळूहळू, बोटांनी, तुटू नये म्हणून. मला दिसत होतं ते. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, पण मी बघत होतो पडद्याकडे.

पोचलो. गाडी बंद केली की या पडद्यावर शेरा येतो, बघा, आता बंद करतो — हे हिरवं पान आणि खाली आकडा. तसा आला. तिनं दार उघडलं होतं, एक पाय बाहेर होता. आणि मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, वेतुरिया, तीन पॉइंट आठ.

पारास्किवा फाटकातच उभी होती. डोक्यावरचा रुमाल सोडलेला, केस मोकळे. मग विचारायचं काही राहिलंच नाही. पाव तास आधी गेली. शुद्धीवर होती म्हणे शेवटपर्यंत. पारास्किवाकडे होती ना मेणबत्ती, तिनं काढलीही कपाटातून, पण साफ्ता म्हणाली, राहू दे, माझी वेतुरिया आणतेय, तू बघ गाडी दिसते का. पारास्किवा तीनदा फाटकापर्यंत आली. तिसऱ्यांदा परत गेली तर साफ्तानं तोंड भिंतीकडे केलेलं. खोलीत कुणी नव्हतं. मेणबत्ती नव्हती. तीन पॉइंट आठ.

ओरडली नाही वेतुरिया. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती वाकडी मेणबत्ती पेटवली आणि गार हातात धरून ठेवली, मेण बाहीवर गळत होतं. परत येताना म्हणाली, मला स्टेशनवर सोड. आगगाडीनं आली. तेव्हापासून या गाडीत बसली नाही. दर शनिवारी चर्चला जाते, मेणबत्त्या लावते बहिणीसाठी, पलीकडे उजेड पोचावा म्हणून — तो मोठा रस्ता ओलांडून, गुडघे धरत. मी म्हणतो सोडतो. ती म्हणते, तुला लांब पडेल, पेट्रोल जाईल. तशी गोडच बोलते ती. जेवायला वाढते. माझ्या बंडीचं बटण तुटलं तर लावून दिलं. पण परवा साफ्ताचा चाळिसावा दिवस आहे, तिच्या नावानं वाटायचा गहू शिजवायला आणलाय, आणि तिच्या गावचं तिकीट काढलंय हिनं आगगाडीचं. एकच. म्हणून म्हटलं, आज गाडी गेली, इथली जागा रिकामी दिसली, तर कदाचित म्हणेल, बरं, तूही चल. तिला ठाऊक नाही मी विकतोय ते. किमतीचं तुम्ही म्हणाल तसं, मी घासाघीस करणार नाही, फक्त आज न्या.

आणखी एक सांगतो. हे तनासेला नाही, पाद्रीबाबालाही नाही सांगितलं. नदीवरच्या पुलाशी आलो तेव्हा आकडा तीन पॉइंट नऊ दाखवत होता. तनासेएवढाच. वेतुरिया तेव्हा दुसऱ्यांदा म्हणाली, कोस्ताके, मला भीती वाटतेय. आणि मी वेग वाढवला नाही, तसाही ठेवला नाही — मी पाच कमी केला. पुढे एक मोठा ट्रक होता, त्याच्या मागे लागलो, आडोशाला वारा कमी लागतो. पंच्याऐंशी. तिला म्हटलं, पुलावर वारा आहे, जपून जायला हवं. वारा नव्हता हो. पानही हलत नव्हतं.

कशाला सांगितलं तुम्हाला मी हे. तुम्ही क्रूझचं विचारलं होतंत.

थांबा. वर बघू नका. तिसरा मजला, बाल्कनी. ती उभी आहे. किती वेळ उभी आहे, तुम्हाला दिसली होती? काच खाली आहे ना आपली. — वेतुरिया, हे गाडी बघायला आलेत. म्हटलं, देऊन टाकावी. आपल्याला कशाला आता. — काय? मोठ्यानं बोल.

ऐकलंत? काय म्हणाली ऐकलंत ना?

'घेऊन जा म्हणावं, गाडीचा काही दोष नाही.'

गेली आत.

उतरा भाऊ. नाही, रागावलो नाही, तुमच्यावर कशाला रागवू? तुम्ही उतरा. विकायची नाही.