दोमाजीने अडवले नव्हते

लिहून घ्या, पण मी सांगतो तेच लिहा, कारण माझ्याविषयी आणि माझा चुलतभाऊ दोमाजी याच्याविषयी लोक जे सांगतात त्यातले निम्मे खोटे आहे. माझा जन्म गडचिरोलीकडचा, वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या घरातला. वडील मासे धरीत, ओंडका कोरून केलेली होडी, म्हणजे डोंगा, चालवीत, आणि मी सातवी पास होऊन गावच्याच शाळेत मास्तर झालो, आमच्या वस्तीतला पहिला. हे मी अभिमानाने सांगतो, कुणाला खुपले तर खुपो.

लोक म्हणतात, मथुराबाईंनी आपल्या मनाने गावाला मोठा डोंगा दिला. साफ चूक. त्या चांद्याच्या एका लाकूडव्यापाऱ्याच्या विधवा, यजमान गेल्यापासून त्यांच्या नावाने गावोगावच्या देवळांना पितळी घंटा देत फिरत. आमच्याकडे घंटा घेऊन आल्या तेव्हा मीच म्हणालो, बाई, घंटा आहे आमच्या देवळात, एकदा लोकांना विचारा तरी. त्या रागावल्या, म्हणाल्या, घेणारानेच दान निवडायचे का हो मास्तर? पण मनाची मोठी बाई, शाळेच्या ओट्यावर बसली आणि विचारू लागली. बाया लाजल्या, मग एक म्हातारी म्हणाली, बाई, दवाखाना नदीपल्याड, आमचे डोंगे चिंचोळे, पावसाळ्यात दुखणेकऱ्याले निजवून नेता येत नाई. मथुराबाईंनी घंटा परत नेली आणि महिन्याभरात सागाचा भला थोरला ओंडका आणि तो कोरायला वाढई पाठवला. आता काहीजण म्हणतात, मास्तरची बायको पोटुशी होती म्हणून मास्तरने हे मागून घेतले. काय सांगू तुम्हाला, तेव्हा कौतिकाला दिवसही गेले नव्हते.

चूक माझी झाली ती पुढे. बाईंनी विचारले, यजमानांचे नाव कुठे घालावे? माझे अक्षर चांगले, त्याचा मला गर्व; मी स्वतः डोंग्याच्या तोंडाशी ते नाव रेखून दिले आणि वाढईने कोरले. आमच्यात माणूस मेला की त्याच्या डोंग्यात पोटुशी बाई बसवीत नाहीत, कारण तो डोंगा त्याला पल्याड नेतो आणि वाटेत सोबत मागतो, अशी समजूत; आणि ज्याचे नाव कोरले त्याचाच तो डोंगा. हे मी आईच्या तोंडून लहानपणी ऐकले होते आणि पोरांना शिकवता शिकवता पार विसरलो होतो. गावाला आठवत होते, पण देणाऱ्या बाईचे मन दुखवायचे कसे, म्हणून कुणी बोलले नाही. डोंगा चालला, तापाची माणसे पल्याड जाऊन बरी होऊन आली, आणि मला वाटले आपण केवढे काम केले.

पुढल्या भादव्यात कौतिकाचे दिवस भरले. सकाळपासून कळा, मूल आडवे. सुईण म्हणाली, मास्तर, हे माह्या हातचं नाई, पल्याड न्या. आम्ही तिला खाटेवर घालून काठावर आणले. डोंगा दोमाजीच चालवी.

या प्रसंगावर पुढे एका सरकारी साहेबाने गावच्या समारंभात भाषण ठोकले, की अडाणी नावाड्याने मास्तरांच्या पत्नीला डोंग्यात घेतले नाही. टाळ्या पडल्या. दोमाजी मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. तो बोलला नाही, आणि मीही बोललो नाही.

आज बोलतो. दोमाजी थबकला, हे खरे, आणि दरडीवरून पाहणाऱ्यांनी तेवढेच पाहिले. कोरलेल्या नावाकडे बोट दाखवून म्हणाला, दादा, काय करू सांग. कौतिका कण्हत म्हणाली, भाऊजी, मेलेला माणूस मले काय खाऊन राह्यला, उचला मले. तेव्हा दोमाजीने डोक्याचे पागोटे सोडले, त्या अक्षरांवर गुंडाळले आणि म्हणाला, आन वहिनीले, जे होईन ते माह्यावर. आणि मी, वर्गात रोज भुताखेतांची टर उडवणारा मी, म्हणालो, थांब, आपले लहान डोंगे मासे धरायला गेलेत, वरच्या वस्तीतून एक आण, बसवून नेऊ. माझाच हात खाटेला लागला नाही. दोमाजी ओरडला, दादा, येळ नाई रे! मी म्हणालो, जा. तो चिखलातून पळत गेला. लहान डोंगा आला तेव्हा न्यायला कुणी उरले नव्हते, कौतिकाही नाही, मूलही नाही.

मथुराबाई भेटायला आल्या, वाढईकडून ते नाव तासून काढवले आणि म्हणाल्या, मास्तर, मी विचारून दिलं होतं ना? मी म्हणालो, काय द्यायचे ते विचारलेत, कसे द्यायचे ते विचारणे माझे काम होते. त्यानंतर त्यांनी काहीही देण्याआधी मला निरोप धाडला, त्यांचे पाहून चांद्याचे आणखी लोक आले. त्यांना मी घरोघर नेई आणि सांगे, वस्तू आधी तिथल्या बाईच्या हाती द्या, ती कशी वापरते ते बघा, मग दान म्हणा. लोक मला दानाचा दलाल म्हणत. म्हणोत.

दोमाजी गेल्या पौषात वारला. पाणवठ्यावर त्याच्या सुनेला बाया अजून ऐकवतात, तुह्या सासऱ्यानं बाई मारली. तुम्ही हे आधी तिच्या दारी जाऊन वाचून दाखवा, मोठ्याने, शेजारपाजार ऐकेल असे. मी येणार नाही, तिच्यासमोर उभे राहण्याचे बळ माझ्यात नाही. तिच्या लेकराबाळांना देव सुखी ठेवो.