शुगर निल

नाही सिस्टर, शुगर नाही त्यांना, सच्ची — सासऱ्यांच्या वर्दीच्या खिशात रिपोर्ट आहे ना, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, शुगर निल — डॉक्टरसाहेबांनाही त्यांनी तोच दाखवला. छातीत दुखलंच नाही, नुसता घाम अन दम — अन साहेब म्हणाले ते ऐकलं मी, असा बिनदुखीचा अटॅक शुगरवाल्यांना येतो. पण रिपोर्ट आहे ना? गोळी? हो, आधी घ्यायचे. मिल चालू होती तोवर बीमा अस्पतालातून मिळायची, मग विकतची, एक दिवसाआड — असं बघू नका हो. बिल्ल्यावर स्मिता वाचलं, मराठी दिसता, म्हणून बोलतेय.

मिल बंद पडली अन वर्षभर घरी बसले. परदेशीपुऱ्यात, आमच्या मिलवाल्यांच्या वस्तीत, दगडू उस्ताद म्हणायचे त्यांना, साच्यावर, म्हणजे मागावर, हात असा — अन तो माणूस माझ्या पोरीचे लंगोट वाळत घालायचा. मग पीथमपुरात कारखान्यावर चौकीदारीचं जमलं, फक्त मेडिकल बाकी. लघवीची शीशी त्यांनी कागदात गुंडाळून टाकीवर ठेवली, ह्यांनी सायकलवर नेऊन द्यायची — सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून कागदात, समजलं ना? अन मी ती मोरीत ओतली, धुतली अन — माझी कीर्ती तेव्हा अंगावर पीत होती, मला काही रोग नव्हता — भरली. बस.

मला वाटलं, नोकरी लागेल, गोळ्या तर खातीलच. पण त्यांना कुठे माहीत? त्यांना वाटलं शुगर गेली. खुशीत गोळ्या नालीत टाकल्या, जलेबी आणली, म्हणाले, "सूनबाई, राबणाऱ्याला रोग धरत नाही." तेव्हापासून रोज सकाळी पोहे-जलेबी, दीड वर्ष, अन मीच ताटली पुढे करायची. दहादा तोंड उघडलं — पण सांगू काय? सासऱ्याला? की बाबा, ती शीशी — नाही हो निघत तोंडातून. नवऱ्यालाही नाही बोलले. ते पोचतीलच आता.

तुमच्या हातात कागद आहे ना, लिहा — शुगर आहे, जुनी, दीड वर्ष गोळी नाही. कुणी सांगितलं ते नका लिहू. नाही — लिहा, सुनेनं. पंचशीला. अन साहेबांनी विचारलं, मग निल कसं आलं, तर मला बोलवा. ह्यांच्यासमोर नको. पण बोलवा.

आता उभ्या काय आहात, सिस्टर? आत जा ना.