पिशवीतल्या कानशी

मद्रासच्या मूर मार्केटसमोर, बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आली आणि तंजावरी मराठी घरातल्या चंद्रमौळी नावाच्या फिटरने कान टवकारले.

"अहो, इतकी स्वस्त कानस लोखंड घासायला टिकेल का?"

"न टिकायला काय झालं! तेल पुसून उजेडात धरली, विमला. दात्यांची टोकं चकाकली की समजायचं, बोथट. हिचं एकही चकाकत नाही."

"बरं. आता मीनाक्षीसाठी मुलगा बघायचाय. तोही फिटरच. त्याला काय विचारणार?"

"काही नाही. हत्यारांची पिशवी उघडायला लावणार. कानशी एकमेकींवर घासल्या की दाते मरतात. ज्याला त्या वेगवेगळ्या गुंडाळून ठेवता येत नाहीत, तो संसार काय सांभाळणार?"

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"कानशीच्या बाबतीत आजवर चुकलो नाही."

"मी मुलीचं विचारतेय."

"मुलीचं तू बघ. पिशवी मी बघतो."

बस आली. चंद्रमौळीने पाऊल उचललं तशी त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी खणखणली. त्याने नवराबायकोला पुढे जाऊ दिलं, बस सोडली आणि शेजारच्या दुकानात जाऊन रद्दी कागद मागितले.